मडगार्डवरची पांढरी फुली

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे — मी दहावीला दोनदा नापास झालो, देवळात मी नुसतेच ओठ हलवतो, तिच्या भावाचं तोंड दिसलं की माझं डोकं उठतं. सगळं. एवढं एक सोडून. हे तिला नाही, आईला नाही, कुणालाच कधी बोललो नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ द्या, कारण शोधत बसलो की मी पुन्हा टाळणार. टाळण्यात मी पटाईत आहे, नऊ वर्षांचा सराव आहे मला.

आमचं गॅरेज सुरतेत, पांडेसऱ्याला. 'आमचं' म्हणतो, पण तेव्हा ते सुकलाल मिस्त्रींचं होतं. मिस्त्री मूळचे आमच्याच साक्रीकडचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी अठराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो आणि ही गोष्ट घडली तेव्हा चौतिशीत होतो. म्हणजे पोरवयात चूक झाली असं म्हणायची सोय नाही. दोन मुलांचा बाप होतो मी.

काम जुन्या गाड्यांचं. अँबॅसिडर, पद्मिनी, क्वचित एखादी जीप. सुरतेत किती घरांत बापाची गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असते याची तुम्हाला कल्पना नसेल. कधीतरी मुलाच्या मनात येतं, ती चालू करावी. मग ती टो करून आबांकडे. कारण जुनं इंजिन खोलणं येरागबाळ्याचं काम नाही. तीस-तीस वर्षं न हललेला नट गंजून आपल्या स्टडशी — ज्या आट्याच्या दांड्यावर तो बसतो त्याच्याशी — एकजीव झालेला असतो. जोर लावला तर स्टड मोडतो, आणि मोडलेला तुकडा इंजिनाच्या अंगात राहतो. तो काढता काढता दिवस जातो.

आबांना घाई नव्हती. आधी तारेच्या ब्रशने गंज काढायचा. मग औषध — थिनर आणि गिअरचं ऑईल मिसळून ते बाटलीत भरून ठेवत, त्याला ते औषधच म्हणत. नटाच्या मुळाशी चार थेंब टाकायचे आणि सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत. मग हातोडीचे हलके ठोके, कडेकडेने. मग पान्याला लावायची सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, नटावर पूर्ण बसलेली. आणि पहिलं वळण सोडायचं नाही, आवळायचं! केसभरच. गंजाची पकड तिथे मोडते. मग केसभर उलट, थोडं सुलट, पुन्हा औषध. पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही — ढकलताना सटकला तर बोटांची सालं लोखंडावर राहतात. आणि पान्याला पाईप लावून तो लांब करायचा नाही, कधीच नाही. पाईप लावला की नट काय म्हणतोय ते हाताला कळत नाही, असं ते म्हणायचे.

एवढं करूनही हलला नाही, तर गॅस. बत्तीने नटाच्या भोवतालचं लोखंड तापवायचं. पण औषध टाकलेल्या जागी बत्ती नेली तर काय होईल हे मी सांगायला नको. म्हणून आबांचा एक नियम होता.

शेजारच्या शेडमध्ये कापड विणायचे लूम चालतात. दिवसभर असा खटखटाट, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तोंडी निरोपाचा आमच्याकडे काही उपयोग नव्हता. आबा तरुणपणी एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड तपासायला होते. ताका डोळ्यांसमोरून सरकत जायचा, आणि कुठे धागा तुटलेला दिसला, डाग दिसला, की खडूने तिथे खूण करायची. आबांच्या नजरेतून एक धागा सुटत नसे, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. तीच खडूची सवय त्यांनी गॅरेजात आणली. ज्याने औषध टाकलं, त्याने बाटली खाली ठेवायच्या आधी त्या बाजूच्या मडगार्डवर खडूने मोठी फुली मारायची. फुली असेल तर गॅस पेटवायचा नाही. औषध पुसून, पुरतं वाळल्यावर ज्याने मारली त्यानेच ती पुसायची. बस, एवढंच. सोळा वर्षांत आमच्याकडे साधा चटका कुणाला बसला नव्हता.

त्या दिवशी एका शेठची अँबॅसिडर होती. त्यांच्या वडिलांची. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिला आजोबांच्या गाडीतून न्यायचं असं त्यांनी मनात घेतलेलं. स्वतः येऊन उभे राहिले होते. "मारा बापुजीनी गाडी छे, जरा संभाळीने करजो," असं चार वेळा म्हणून झालं होतं. इंजिनातला धूर बाहेर नेणारा जाड नळ — मॅनिफोल्ड — त्याचे नट सोडवायचे होते. आबा दुसरीकडे होते. मी दोन नट सोडवले आणि तिसऱ्याला कंटाळलो. पाईप घेतला, पान्याला लावला, आणि अंगाचा भार टाकला.

मोडला. तो आवाज लूमच्या आवाजातही आबांना ऐकू गेला.

ते आले, पाईप बघितला, आणि शेठसमोर मला म्हणाले, "सोळा वरीस व्हई गयात, तरी पाईपच लावस तू!" एवढंच. शिवी नाही, काही नाही. शेठ हसले. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. आणि मग आबांनी तो मोडका तुकडा काढायला दुपारपर्यंत वेळ घालवला, माझ्याकडे न बघता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्याचा राग? हो. मला वाटत होतं की गॅरेज खरं मीच चालवतोय. आबा नुसते मागून येऊन माझ्या कामावर हात फिरवतात. असं बरेच दिवस मनात साचलेलं होतं. ते बरोबर नव्हतं, पण होतं.

दुपारी शेठ गेले, आबा जेवायला गेले. दोन नट राहिले होते. मी औषधाची बाटली घेतली. चार थेंब? मी अर्धी बाटली ओतली. ओघळ खालपर्यंत गेले, नळाभोवतीच्या जुन्या चिंध्यांत मुरले. आणि फुली मारली नाही.

खडू संपला होता असं सांगायला मला आवडलं असतं. खडू माझ्या खिशात होता. बाटली खाली ठेवताना तो मांडीला टोचलासुद्धा. मी म्हटलं — जा रे, शाळेतल्यासारख्या फुल्या मारत बसायचं? उद्या मीच तर सोडवणार आहे हे नट.

मी समोरच्या टपरीवर गेलो. सकाळची गोष्ट तिथे माझ्याआधी पोहोचली होती. लूमवाले चहा पीत बसले होते, मला बघितल्याबरोबर एक जण म्हणाला, "आवो, आवो पाईपवाले!" सगळे हसले. मीही हसलो. आत जळत होतो.

आबा रोज जेवून थोडे पडायचे. त्या दिवशी पडले नाहीत, लगेच परत आले. मला टपरीवरून शटरच्या आतलं सगळं दिसत होतं. ते अँबॅसिडरपाशी गेले. त्यांनी नटांवरून बोट फिरवलं असेल, पाठ माझ्याकडे होती, आणि जुनं इंजिन तसंही तेलकट असतंच. थिनरचा वास? आमच्या गॅरेजात तो बारा महिने असतो, आसपासच्या कारखान्यांतून कापडाच्या रंगाचा वास येत असतो, नाक केव्हाच मेलेलं असतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग वाकून मडगार्ड बघितलं. सगळं बघितलं. पलीकडे जाऊन दुसरं मडगार्डही बघितलं. फुली कुठेच नव्हती. मग त्यांनी ओलं पोतं आणून जवळ ठेवलं, वाळूची बादली ठेवली.

मला कळलं. हे नीट ऐका — मला कळलं, ते काय करणार आहेत ते. माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मी उठून पळालो असतो तर टपरीवरच्या सगळ्यांना समजलं असतं की पाईपवाल्याने आणखी एक घोळ करून ठेवलाय. ओरडून उपयोग नव्हता, लूम चालू होते, हे खरं आहे. हेच मी पुढे स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण रस्ता किती रुंद होता? बारा पावलं. मी नंतर मोजलीत. मी मनात म्हणालो, आबांना ओलं दिसेल, ते आबा आहेत, त्यांना कळेलच. आणि बसून राहिलो. चार सेकंद असतील, पाच असतील.

आबांनी बत्ती पेटवली.

भक्कन जाळ उठला. मी ग्लास टाकून पळालो ते तेव्हा. पोहोचलो तोवर त्यांच्या उजव्या बाहीने पेट घेतला होता आणि ते पोतं स्वतःच्या हातावर टाकायचं सोडून इंजिनावर टाकत होते — शेठच्या बापाची गाडी म्हणून! मी त्यांना मागे ओढलं, हात वाळूत दाबला. लूमवाले धावत आले. भुवया जळालेल्या, हात कोपरापर्यंत भाजलेला. ते ओरडले नाहीत. नुसते मडगार्डकडे बघत होते. लूमवाल्यांनी त्यांना रिक्षात घातलं. मला म्हणाले, चल. मी म्हणालो, गॅसची टाकी बंद करून येतो. ते खरंच करायला हवं होतं. ते मी केलं.

आणि मग गॅरेजात मी एकटा होतो.

इथपर्यंत आलोय तर आता थांबत नाही. मी खिशातून खडू काढला. मडगार्डवर फुली मारली. नेहमीसारखी, मोठी. आणि बघितलं तर ती फार पांढरी दिसत होती. बाकी मडगार्डवर धुराची काजळी बसली होती आणि तिच्यावर ही फुली, नुकतीच मारलेली. कुणालाही कळलं असतं. म्हणून मी इंजिनावरची काजळी अंगठ्यावर घेतली आणि फुलीवर फासली. थोडी इकडे, थोडी तिकडे. मग शटरपर्यंत मागे गेलो आणि तिथून बघितलं, कशी दिसते. परत येऊन एका टोकाला आणखी फासली.

घाबरलो होतो का? होतो. पण घाबरलेला माणूस मागे जाऊन बघून येतो का?

दवाखान्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "मी फुली तर मारली होती." संध्याकाळी लूमवाले गॅरेजात येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी शेठ आले, त्यांनीही बघितलं. मान हलवली. आबांच्या खाटेपाशी उभं राहून फार मायेने म्हणाले, "उंमर थई गई, मिस्त्री." आबा छताकडे बघत होते.

बारा दिवसांनी हाताला पट्टी असतानाच आबा गॅरेजात आले. मी अँबॅसिडर हलवली नव्हती, मडगार्ड पुसलं नव्हतं. पुसलं असतं तर? संशय आला असता, एवढा विचार मी केलेला होता. आबा त्या फुलीसमोर उभे राहिले. बराच वेळ. डाव्या हाताने चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. मग माझ्याकडे वळले.

"तू खूण करेल व्हती ना रे रवी? खरं सांग."

"हाव आबा. करेल व्हती."

"मंग माले का दिसनी नही?"

ते मला विचारत नव्हते. स्वतःलाच विचारत होते. माझ्यावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नाही. त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. हो, मीच. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, डॉक्टर बरं वाटावं म्हणून बोलतात. त्यांनी डॉक्टरचं ऐकलं नाही. माझं ऐकलं.

त्यांनी किल्ल्या मला दिल्या. "आते तूच सांभाय," म्हणाले. हात बरा झाला, दोन बोटं थोडी आखडली, पण पाना धरता आला असता. धरला नाही. आधी गॅरेज सुटलं, मग सायकल. मग रस्ता एकट्याने ओलांडणं. सगळं माझ्या देखत गेलं. कपात चहा ओततानाही मायला हाक मारायला लागले — त्यांच्या बायकोला आम्ही माय म्हणतो — "भरना का वं कप? दख बरं." समोर भरलेला कप. त्यांना तो दिसत होता. पण दिसतंय ते खरं आहे यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मी तो उडवला. ज्या माणसाच्या नजरेतून ताक्यातला एक धागा सुटत नव्हता, त्याला मी पटवून दिलं की हातभर फुली त्याच्या नजरेतून सुटली.

आणि लोकांत माझं नाव झालं. आबाच सांगत सुटले — रवीने खूण केली होती, माझीच नजर गेली. गिऱ्हाइकांना सांगत, गावी गेले की तिथे सांगत. माझ्या आईला सांगितलं. आईने मला जवळ घेतलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, एवढंच काय ते मला झालं. दुसऱ्या दिवशी गेलं.

सांगायची संधी मिळाली नाही असंही नाही. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे कोसाडला जातो. दर वेळी वाटेत वाक्य जुळवतो. अमरोलीपर्यंत ते अगदी तयार असतं. मग माय दार उघडते, आबा आतून "कोन शे?" म्हणून विचारतात — दारात मी समोर उभा दिसत असताना विचारतात — आणि माझं वाक्य जातं.

गेल्या महिन्यात माय त्यांना घेऊन गॅरेजात आली. घरात बसून बसून आबा खचलेत, म्हणाली, जरा त्यांना हात लावू द्या कशाला तरी. एक पद्मिनी उघडी होती. एक नट अडला होता, कोरडा, औषध नाही, काही नाही. मला वाटलं, आबांसाठी ह्याच्यासारखं दुसरं काम नाही. मी गोटी बसवून पाना आबांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला तो त्यांच्या जुन्या पद्धतीने, अंगठा दांड्यावर आडवा. आबा वाकले. मडगार्डकडे बघितलं. मग मला विचारलं, खूण आहे का.

नाही, म्हटलं.

मायला विचारलं. तिने वाकून बघितलं. "नही. काहीच नही शे."

तरी त्यांनी आखडलेल्या बोटांनी मडगार्ड चाचपलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पाना माझ्या हातात परत दिला. "माले दिसनी नही म्हंजे नही, अशे थोडंच शे," म्हणाले. हसत म्हणाले. मायने पदर तोंडाला लावला.

तेव्हा तरी? लूम बंद होते, त्या शेडची सुट्टी होती. मी हळू बोललो असतो तरी ऐकू गेलं असतं. तीन माणसं, एक उघडी गाडी. शब्द किती लागले असते? त्या दिवशी फुली नव्हती आबा. पाच.

मी म्हणालो, "राहू द्या आबा, मी करतो." आधी केसभर आवळला, मग सोडला. नट सुटला. आबा मायला म्हणाले, "दखं? हात शे त्यानाकडे."

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यात चांगला उजेड होता, पायऱ्या धुऊन काढलेल्या. आबा खाली थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांना वाटतं, पायऱ्या त्यांना नीट दिसत नाहीत. त्यांना दिसतात. हे या जगात मला एकट्याला माहीत आहे. मी हात धरला आणि एकेक पायरी सांगत त्यांना वर नेलं.